झील धरणारा माणूस

रविवारी सकाळी सांगलीत, विश्रामबागेतल्या एका सभागृहात, दोन-तीनशे माणसं गप्प बसून गाणं ऐकत असताना आमचे हे मध्येच गायले. खाकरले नाहीत, 'वा' म्हणाले नाहीत, शेजारच्याशी बोलले नाहीत. गायले. स्टेजवरच्या बाईंनी एक ओळ खाली खाली उतरवत आणली, शेवटच्या शब्दापाशी त्या थांबल्या, आणि त्यांनी सोडलेला तो शब्द दुसऱ्या रांगेतून ह्यांनी उचलला आणि लांब ओढत पार शेवटाला नेऊन ठेवला. सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. मागून कुणीतरी 'श्श' केलं. मी काय केलं, तर वर्गात खोडी काढणाऱ्याचं धरते तसं ह्यांचं मनगट धरलं. इतकी वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत घालवल्यावर हात आधी जातो, डोकं त्याच्या मागून चालत येतं. धरलं ते घट्ट धरलं. आज चार दिवस झाले, माझ्या तळव्याला ते मनगट अजून जाणवतंय. पोळ्या लाटताना जाणवतं, फळ्यावर लिहिताना जाणवतं.

माझं नाव राणी. शाळेत राणी मॅडम म्हणतात, ते ऐकून नवीन आलेले साहेब दरवेळी थोडं हसतात. माहेर आणि सासर दोन्ही वडूजकडचं, म्हणजे जिथे आभाळाकडे बघायची सवय आहे पण आभाळाला आमच्याकडे बघायची नाही. दोन्ही घरं मेंढरांमागे फिरलेली. माझ्या वडिलांनी मला डी.एड. केलं आणि ह्यांच्या वडिलांनी, मेंढरं विकल्यावर, ह्यांना कुपवाडला एका प्रेसशॉपमध्ये चिकटवलं. पत्र्यातून नटबोल्टांचे वायसर पाडायचं काम. मशीन खाली येतं, धाड, वायसर पडतो. वर जातं, पत्रा सरकवायचा, पुन्हा धाड. अशा आठ-दहा मशिनी एका शेडमध्ये, वर पत्रा, भिंती पत्र्याच्या. पहिल्या पहिल्यांदा हे कानात कापूस घालून जायचे. मग म्हणाले, कापसानं काय हुतंय, आवाज हाडातनं येतो. संध्याकाळी घरी आले की पहिला तासभर माझं बोलणं त्यांना लांबून आल्यासारखं वाटायचं. पुढे तो तास वाढला, आणि एक दिवस तो संपेचना. शेड बंद पडली, हे घरी बसले, पण शेडमधला आवाज काही ह्यांना सोडून गेला नाही. कानात सतत भुंगा हाय, म्हणतात.

बहिरं माणूस बहिरं आहे हे घरातल्यांना सगळ्यांत शेवटी कळतं. आधी वाटतं, लक्ष नाही. मग वाटतं, मुद्दाम करतात. मी सकाळी पोरांवर ओरडायची आणि संध्याकाळी घरात ओरडायची, आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं की मला बोलायचा दुसरा आवाजच उरलेला नाही. जेवा. गोळी घ्या. नळ बंद करा. गॅस बघा. एवढ्याच शब्दांवर संसार चालतो, चालत नाही असं नाही. सुखदुःखाचं काही सांगायचं असेल तर ते ओरडून सांगता येत नाही. रस्त्यावरच्या माणसाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने 'मला आज उगीच वाईट वाटतंय' असं कोण म्हणेल? म्हणून मी ते म्हणणं सोडलं. आणि ह्यांनी त्यांच्या बाजूने एक युक्ती काढली. समोरच्याचं तोंड हललं की ते 'व्हय' म्हणायचे. चहा घेता का कॉफी? व्हय. डाळ संपली. व्हय. आज उपास आहे का सोडला? व्हय. दोन वर्षांत ह्या माणसाने मला एकदाही 'न्हाई' म्हटलेलं नाही. हे मी स्टाफरूममध्ये हसत सांगितलं तर बायका म्हणाल्या, मॅडम, नशीब काढलंत. मीही हसले.

पण गेल्या दिवाळीनंतर एकदा उत्कर्षाचा, आमच्या मुलीचा, पुण्याहून फोन आला. मी आंघोळीला गेले होते. तिची नोकरी गेली होती आणि तिला ते आधी वडिलांनाच सांगायचं होतं. लहानपणापासून तिचं रडणं ह्यांच्याकडे आणि मागणं माझ्याकडे, अशी वाटणी. ती रडत सांगत होती आणि हे म्हणत होते, "व्हय. व्हय. लय भारी झालं बघ." मी ओल्या केसांनी बाहेर आले आणि फोन हातातून घेतला. ती पलीकडे गप्प झाली होती. ह्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, काय झालं ते विचारलं नाही, उठून गॅलरीत जाऊन बसले. त्यानंतर त्यांनी फोन घेतलेला नाही. उत्कर्षाने समजून घेतलं, नव्या नोकरीचा पगार सुरू झाल्यावर कानाचं मशीन आणून दिलं. हे त्याला 'किडा' म्हणतात. घातलं की शिट्टी मारतं, पंख्याचा आवाज विमानासारखा करतं, आणि माणसाचा आवाज आहे तिथेच ठेवतं. त्याची जागा सुपारीच्या डबीत. गॅलरीत बसून हे खालच्या रस्त्यावरच्या गाड्या बघत राहतात, आणि त्यांच्याकडे पाठीमागून बघताना मला भीती वाटते. माणूस घरात असून रोज थोडा थोडा निघून चाललाय आणि मला त्याला हाक मारता येत नाही, ही भीती. आजारपणाची नाही, मरणाचीसुद्धा नाही.

मैफिलीचे पास वीरधवल सरांनी दिले. ते आमच्या शाळेतून निवृत्त झाले, आता एका संगीत मंडळाचं काम बघतात. सज्जन माणूस, बोलताना प्रत्येक वाक्याला इस्त्री केलेली. म्हणाले, धारवाडकडच्या बाई आहेत, फार मोठं गाणं, मिस्टरांना घेऊन या, दुसऱ्या रांगेत ठेवतो तुम्हाला. मला शास्त्रीय गाण्यातलं काही कळत नाही आणि ते न कळण्याचं दुःखही नाही. मी पास घेतले ते वेगळ्याच कारणाने. लग्नानंतर ह्या माणसाला पहिल्यांदा मी नीट पाहिलं ते गाण्यातच. म्हटलं, गाण्याच्या ठिकाणी नेऊन बसवावं. तिथे जर हे गाड्या बघतात तसेच बाईंकडे बघत बसले, तर मग संपलं. मग ओरडूनच उरलेला संसार करायचा, मनाची समजूत घालायची. मी विचारलं, "आवं, रविवारी गाण्याला यायचं का?" हे म्हणाले, "व्हय." कुठे जायचंय ते त्यांना रविवारी इस्त्रीचा शर्ट पुढे केल्यावर कळलं.

सभागृहात शिरताना ह्यांनी, मी बळेच घालायला लावलेला किडा कानातून काढून खिशात टाकला. मी बघितलं. दुसरी रांग, कडेच्या खुर्च्या, आणि ह्यांच्या अगदी समोर, चार हातांवर, एक भला मोठा काळा स्पीकर. बाई साठीच्या असतील. जाड चष्मा, राखी रंगाची साडी, बसताना गुडघ्यावर हात टेकून बसल्या. मागे तंबोरे घेऊन दोन मुली. त्यातल्या एकीला सर्दी झालेली होती आणि तिला नाक पुसायला हात मोकळा नव्हता. मी तिच्याकडेच बघत राहिले. रागाचं नाव त्यांनी सांगितलं ते मी तिथल्या तिथे विसरले. मग गाणं सुरू झालं आणि बराच वेळ काही झालंच नाही. एक ओळ, तीत पाच-सहा शब्द, तीच ओळ पुन्हा. कधी वरून आली, कधी खालून आली, कधी अर्ध्यात मोडली. आमच्या वर्गात मी एकच ओळ अर्धा तास म्हटली असती तर पालक तक्रार घेऊन आले असते. आजूबाजूची माणसं माना हलवत होती, एक गृहस्थ हवेत काहीतरी वेचत होते. मला भूक लागली होती. मध्यंतराला शिरा आहे का उपीट, याचा वास येतो का बघत होते. आणि सगळा वेळ डोळ्याच्या कोपऱ्यातून ह्यांच्याकडे. हे बसले होते ते गॅलरीत बसतात तसेच. दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर, पंजे पसरलेले, डोळे बाईंच्या तोंडावर. म्हटलं, आलं उत्तर.

लग्न झालं त्या वर्षी, गावाकडच्या बिरोबाच्या जत्रेत, मी नवी नवरी होते. डी.एड. झालेली, त्यामुळे ओव्या, ढोल, भंडारा हे सगळं आपल्या मागे पडलं अशा तोऱ्यात बायकांच्या घोळक्याच्या कडेला उभी. माझे सासरे, नाथाजी आबा, ओवी लावायचे. पंचक्रोशीत त्यांचं नाव होतं. उंच, खडखडीत आवाज, ओळ सुटली की दगडासारखी लांब जायची. पण आमच्याकडच्या ओवीत गाणारा ओळ पुरी करत नाही. शेवटाला येऊन तो ती सोडून देतो, आणि त्याच्या मागे दोघेतिघे उभे असतात, ते ती सुटलेली ओळ झेलतात, लांबवतात, खाली आणून ठेवतात. तेवढ्यात गाणारा दम घेतो, पुढचं आठवतो. त्याला झील धरणं म्हणतात. झील धरणारा एक हात कानावर ठेवतो, ढोलाच्या दणक्यात स्वतःचा आवाज स्वतःला सापडावा म्हणून. सासऱ्यांनी ओळ सोडली आणि त्यांच्या मागून, कानावर हात ठेवलेल्या, मिसरूड नीट न फुटलेल्या माझ्या नवऱ्याने ती घेतली. तोपर्यंत मी ह्यांचं बोलणं ऐकलं होतं ते 'पाणी दे' आणि 'दिवा मालव' एवढंच. तो आवाज खोल होता, थोडा खरबरीत, आणि त्याला घाई नव्हती. पुढे उभं राहून गाणाऱ्याकडे सगळे बघत होते. मला मात्र मागे उभं राहून त्याला सांभाळून घेणारा आवडला. त्या क्षणी आवडला, लग्न होऊन तीन महिने झाल्यावर. घरी येताना मी विचारलं होतं, तुमी म्होरं हून का गात न्हाई? हे म्हणाले, "म्होरं कुणीबी हुतंय. झील न्हाई आली तर गाणारा उघडा पडतो. आबा म्हणत्यात, गाणाऱ्याला उघडं पडू द्यायचं न्हाई, मग तो वैरी का असंना."

शेडमध्ये गेल्यावर जत्रेच्या सुट्ट्या मिळेनाशा झाल्या, सासरे गेले, आणि कुपवाडच्या चाळीत ओवी म्हणायची तर कुणापुढे? पण उत्कर्षा लहान असताना हे मशिनीच्या तालावर गुणगुणायचे, असं त्यांचा शेडमधला जोडीदार सांगायचा. धाड, मग एक सूर, धाड, मग एक सूर. म्हणजे त्या मशिनीचीसुद्धा ते झील धरत होते. हे मला आत्ता सुचतंय. तेव्हा मी ऐकून हसून सोडून दिलं होतं.

तर सभागृहात बाई पुन्हा त्याच ओळीवर आल्या होत्या. ह्या वेळी त्या वर गेल्याच नाहीत, खाली उतरत राहिल्या, एकेका पायरीवर थांबत, पाय चाचपत. माझंसुद्धा त्या सर्दीवाल्या मुलीवरून लक्ष उडालं. आणि ओळीच्या शेवटाशी, शेवटचा शब्द राहिलेला असताना, बाई थांबल्या. तबला थांबला. तंबोरे तेवढे वाजत होते. ह्यांचा उजवा हात खुर्चीच्या दांड्यावरून उठला आणि कानावर गेला. मला वाटलं, स्पीकरचा आवाज टोचला. खिशातला किडा द्यावा का, बाहेर न्यावं का, असा विचार करत मी त्यांच्याकडे वळले, आणि तेवढ्यात तो आवाज आला. इतक्या वर्षांनी. हल्ली ह्यांचा बोलायचा आवाज सपाट झालाय, गरजेपेक्षा मोठा, सूर हरवलेला. हा तो नव्हता. हा जत्रेतला होता. वय झालेलं होतं त्याला, पण होता तोच. मला तेव्हा वाटलं, आपण मनातल्या मनात म्हणतोय असं त्यांना वाटत असणार, कारण आपला आवाज किती मोठा आहे हे त्यांना कळत नाही. आख्ख्या सभागृहाने तो ऐकला. आणि मी मनगट धरलं.

बाईंनी डोळे उघडले. चष्म्यातून आमच्या बाजूला पाहिलं. त्या थांबल्या नाहीत, रागावल्या नाहीत, मान किंचित तिरकी झाली एवढंच, आणि गाणं पुढे गेलं. दोन-तीन फेरे झाले असतील. मग त्या पुन्हा तशाच खाली उतरत आल्या, त्याच जागेवर येऊन थांबल्या, आणि ह्या वेळी जरा जास्त थांबल्या. तबल्यावरच्या माणसाने मान वर करून आमच्याकडे बघितलं. मी माझ्या नवऱ्याचं मनगट धरून बसले होते आणि त्या मनगटातून मला कळत होतं की आत श्वास भरून तयार आहे. ह्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. मग माझ्या तोंडाकडे. मग भरलेला श्वास नाकाने हळूहळू सोडून दिला. तंबोरे वाजत राहिले. ती जागा तशीच गेली, आणि बाई पुढच्या ओळीला लागल्या. त्यानंतर मला शिऱ्याचा वास आला का उपिटाचा, आठवत नाही.

मध्यंतरात वीरधवल सर चहाचा कप घेऊन आमच्याकडे आले. मी आधीच म्हटलं, "सर, सॉरी हं. ह्यांना ऐकायला कमी येतं." सर म्हणाले, "छे छे, त्यात काय. असं आहे मॅडम, अशी जागा गायक मुद्दाम सोडतो. ती श्रोत्याने मनात भरायची असते." मग इकडेतिकडे बघून, आवाज उगीच हळू करत, "पुढच्या वेळी दाराजवळच्या खुर्च्या देतो तुम्हाला. म्हणजे कसं, मिस्टरांना कंटाळा आला तर उठून जाता येईल." हे माझ्या शेजारीच उभे होते, सरांच्या हलणाऱ्या ओठांकडे बघत. म्हणाले, "व्हय."

मला इतका राग कधी आला नव्हता. सरांचा, त्या 'श्श' करणाऱ्याचा, हवेत वेचणाऱ्याचा. कंटाळा? सबंध सभागृहात कंटाळा आला होता तो मला. मी भूक भूक करत बसले होते, आणि मला कुणी दाराजवळ बसा म्हणत नव्हतं, कारण मी गप्प होते. ह्या माणसाला ऐकू येत नसताना तो त्या बाईंच्या बरोबर, अगदी बरोबर जागेवर जाऊन उभा राहिला होता. आणि मनगट तर मीच धरलं होतं, हेही त्या रागात होतंच. मी सरांना म्हटलं, "सर, कप धरा जरा," आणि माझा अर्धा कप त्यांच्या दुसऱ्या हातात देऊन मी ह्यांना घेऊन बाहेर आले. पुढचं गाणं ऐकायला थांबलो नाही.

बाहेर स्कूटरींच्या रांगेपाशी उन्हात उभं राहून मी ह्यांच्या तोंडासमोर तोंड नेऊन विचारलं, "तुमी का गायला?" विचारलं म्हणजे ओरडले. पार्किंगवाला वळून बघायला लागला.

"बाई एकटी पडली हुती," हे म्हणाले. "वळ सोडली तिनं. मागं त्या दोन पोरी हुत्या, मला वाटलं त्या धरतील. त्या आपल्या तारा छेडत बसल्या. धरायला कोण मागं नसल्यावर काय करायचं? एवढ्या लांबनं आलीय बिचारी."

"तुमाला ऐकू आलं?"

त्यांनी उजवा पंजा पसरून माझ्या खांद्यावर ठेवला, जसा खुर्चीच्या दांड्यावर ठेवला होता तसा. "कानानं न्हवं. खुर्चीतनं येत हुतं. खाली आली की समदं येत हुतं, हाडातनं. वर गेली की मग नुसती दिसायची." मग म्हणाले, "दिसायची बी लय चांगली."

मी हसले. ह्यांच्या बोलण्यावर मी शेवटची कधी हसले होते ते आठवेना. ते म्हणाले, "मास्तरीण, तुला कसं वाटलं?" मला कसं वाटलं हे मला कुणीच कितीतरी दिवसांत विचारलेलं नव्हतं. "मला न्हाई आवडलं," मी म्हटलं. "लय लांबवती. तीच तीच वळ."

"तीच तीच कुटं? दर वेळंला येगळीकडनं येत हुती," ते म्हणाले. "मेंढरं घराकडंच येत्यात की रोज. पर रोज येगळ्या वाटंनं." आणि किती वेळ आम्ही त्या उन्हात वाद घालत होतो कोण जाणे. त्यांना गाणं आवडलं होतं, मला नव्हतं. ते सांगत होते, मी खोडून काढत होते. माझ्या तोंडाकडे बघून ते शब्द पकडत होते, निसटला तर 'काय?' म्हणत होते. व्हय म्हणत नव्हते. पार्किंगवाल्याला वाटलं असेल, नवरा-बायकोचं भांडण चाललंय. मला त्याला सांगावंसं वाटत होतं की बाबा, दोन वर्षांनी चाललंय.

मागून आलेला हॉर्न ऐकू येत नाही म्हणून गेले वर्षभर स्कूटर मीच चालवते. त्यांनी हात पुढे केला, "आन किल्ली." मी बघितलं, विचार केला, आणि दिली. रविवार होता, रस्ता मोकळा होता, आणि मागे बसून मीच त्यांचे कान होईन म्हटलं. कुपवाड रोडला लागलो. किती दिवसांनी मी ह्या पाठीमागे बसत होते. पूर्वी वडूजहून येताना उत्कर्षा मध्ये असायची, झोपलेली, आणि माझा गाल ह्याच पाठीवर. इस्त्रीचा शर्ट घामाने ओला झाला होता. मी गाल टेकवला. खाली इंजिन, वर त्यांचा श्वास, दोन्ही मला गालातून येत होते, कानातून नाही. तेव्हा मला कळलं, खुर्चीतनं म्हणजे कसं ते.

मला गाता येत नाही. आमच्याकडे बायका झील धरत नाहीत, आणि पुढे होऊन ओवी तर नाहीच लावत. शाळेत प्रार्थनासुद्धा मी पोरांच्या आवाजात लपवून म्हणते. पण मी तोंड ह्यांच्या दोन खांद्यांच्या मधोमध ठेवलं, शर्टाला ओठ लागतील इतकं, आणि सासऱ्यांच्या ओवीची चाल जमेल तशी, खालच्या आवाजात लावली. शब्द कुठले आठवायला? जे रोज ओरडते तेच घेतले.

"घराला जाऊनऽ चूल पेटवीन, वांग्याचं भरीतऽ म्याऽ…"

आणि शेवटचा शब्द सोडून दिला. थांबले. स्कूटर चालत राहिली. लक्ष्मी मंदिराच्या चौकातला सिग्नल लाल होता, हे थांबले, शेजारी दुधाच्या किटल्या लावलेली मोटरसायकल येऊन थांबली. काही आलं नाही. उघडं पडणं म्हणजे काय, ते मला त्या चौकात कळलं. ओळ अर्ध्यात सोडून मी तिथे बसले होते आणि माझ्या मागे कुणी नव्हतं, पुढे एक पाठ होती. ती बाई तेवढ्या लोकांत कशी थांबली असेल दोनदा? तिच्याबद्दल मला पहिल्यांदाच आदर वाटला.

मग माझ्या गालाखाली ती पाठ फुगली. हँडलवरचा उजवा हात सुटला आणि कानावर गेला.

"न्हाऽऽई," हे गायले, खोल, घाई न करता, चौकातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं, "पिठलंऽऽऽ."

दूधवाला वळून बघत होता. सिग्नल हिरवा झाला, मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या, आणि मी ह्यांना ते सांगितलं नाही. आधी तो सूर त्यांना पुरा करू दिला.